हैदराबाद न दाखवल्याबद्दल आभार

माननीय ग्रुप अ‍ॅडमिन साहेब,
मुक्काम हिंजवडी, पुणे
(मूळ गाव हट्टा, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली. हे आपण चारचौघांत सांगत नाही, म्हणून आम्हीही कंसातच ठेवलं आहे.)



दिवाळीच्या सुट्टीत आपण गावी आलात, पारावर बसलात आणि "यंदा मी तुम्हाला हैदराबाद दाखवतो" असं जाहीर केलंत. सोयाबीन विकून आम्ही नुकते मोकळे झालो होतो, हळद अजून रानात उभी होती, आणि आपल्या हातात लॅपटॉप होता. आम्ही भाबडेपणाने कॉन्ट्री काढून आपल्या हवाली केली. आता परत आल्यापासून ज्याला त्याला एकच प्रश्न: काय काय पाहिलं? आम्ही पाहिलेल्या गोष्टींत भाड्याच्या गाडीच्या पुढच्या सीटची पाठ आहे, एका मॉलच्या तळघरातलं पार्किंग आहे आणि आपल्या सेल्फी स्टिकचं टोक आहे. यातलं नेमकं काय सांगावं, याचं मार्गदर्शन व्हावं म्हणून हे जाहीर पत्र.

निघण्यापासूनच आपली दूरदृष्टी दिसली. रेल्वेचं नाव काढताच आपण नाक मुरडलंत. पूर्णा जंक्शन आपल्या उशाशी. रात्री मनमाडहून येणारी अजिंठा एक्स्प्रेस धरायची आणि सकाळी काचीगुड्याच्या नळावर तोंड धुवायचं, इतकं ते सोपं. नाहीतर वसमतवरून नरखेड-काचीगुडा इंटरसिटी आहेच. ही मनमाड-सिकंदराबाद लाइन 1900 च्या सुमारास निजामाच्या राज्यात पडली आणि तेव्हापासून आपल्याकडची माणसं भाकरीचं गाठोडं घेऊन याच लाइनीने राजधानीला गेली. हो, राजधानीला. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत हट्ट्याच्या माणसाचं मोठं शहर हैदराबादच होतं. पुणं, मुंबई परमुलखात. खटला हैदराबादला, नोकरी हैदराबादला, पुढचं शिक्षण हैदराबादला. आपल्याच तालुक्यातल्या कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर तिथल्या सिटी कॉलेजात शिकायला गेले. त्यांचे मामा ना. गो. नांदापूरकर उस्मानिया विद्यापीठात मराठी शिकवायचे. सिटी कॉलेजाची दगडी इमारत आजही मुसी नदीच्या काठी उभी आहे. आपल्या प्लॅनमध्ये मात्र त्या वेळेला "बोलिंग अ‍ॅली" होती. वसमत तालुक्याच्या पोरांनी हैदराबादेत येऊन प्लास्टिकच्या बाटल्या पाडल्या. मामासाहेब असते तर गहिवरले असते.

मुक्काम आपण गच्चीबावलीत ठेवलात. ऑफिसातल्या कुणीतरी तिथलं हॉटेल सुचवलं होतं. तिथल्या काचेच्या इमारती अगदी हिंजवडीसारख्या दिसतात, त्यामुळे आपल्याला घरच्यासारखं वाटलं असणार. आम्हाला मात्र जुनं शहर पाहायचं होतं आणि ते तिथून वीसेक किलोमीटर लांब. त्यावर आपला इलाज म्हणजे कॅब. हैदराबादच्या रस्त्यांवर कॅबमध्ये बसणं म्हणजे पोळ्याच्या मिरवणुकीतून बैलगाडी पळवायला निघणं. एसी चालू, काच वर, पुढे लाल दिवे, मागे हॉर्न. आणि आपण मधूनमधून सांगत होतात, "कम्फर्ट महत्त्वाचा."

डोक्यावरून मेट्रो जात होती, साहेब. नोव्हेंबर 2017 पासून जाते. रायदुर्गला बसायचं, अमीरपेठला गाडी बदलायची, एमजीबीएस बस स्थानकाला उतरायचं. ती चारमिनारपर्यंत जात नाही, हा आपण काढलेला मुद्दा शंभर टक्के खरा. पण तो मुद्दा आपण मेट्रोच्या विरोधात काढलात, इथे आमचं डोकं चाललं नाही. एमजीबीएसला उतरलं की पुढची वाट पायी चालायची असते आणि त्या वाटेसाठीच तर माणूस हैदराबादला जातो. शेजारी अफजलगंज, तिथे उस्मानिया दवाखान्याचे घुमट, मग नयापुलावरून मुसी ओलांडायची. 1908 साली याच नदीने निम्मं शहर धुऊन नेलं होतं. आता तिच्या पाण्याकडे बघून विश्वास बसत नाही आणि वासामुळे फार वेळ बघवतही नाही. पलीकडे हायकोर्ट, मग मदिना चौक, पत्थरगट्टीच्या दगडी कमानींखाली मोत्यांची आणि कापडाची दुकानं, मग चार कमान, गुलजार हौज आणि समोर 1591 चा चारमिनार. हे सगळं रमतगमत चालून तासाभरात. आपण तेवढ्या वेळात नामपल्लीच्या सिग्नलला होतात.

बरं, मेट्रो नको तर सिटी बस. निजामाच्या रेल्वे खात्याने 1932 साली 27 गाड्या घेऊन बससेवा सुरू केली होती आणि मराठवाड्यातली आपली एसटीसुद्धा त्याच घराण्यातली. म्हणजे नात्यातलीच गाडी. टी-24 नावाचं तिकीट काढलं की दिवसभर शहरात कुठल्याही साध्या बसमध्ये चढा, कुठेही उतरा. "बसमध्ये गर्दी असते" हे आपलं म्हणणं मान्य. तेलंगणात डिसेंबर 2023 पासून बायकांना प्रवास फुकट आहे, त्यामुळे गाडी भरलेली असते आणि पुरुषांना उभं राहून शहर पाहण्याची संधी मिळते. त्याच गर्दीत कुणाच्या पिशवीत कुठल्या बाजारातली भाजी आहे ते दिसतं आणि उतरायचं कुठे ते न विचारता चार माणसं सांगतात. कॅबवाल्याने आपल्याला काय सांगितलं? ओटीपी सांगा, म्हणाला.

सालारजंग संग्रहालय आपण शुक्रवारी ठेवलं होतंत. ते शुक्रवारी बंद असतं. 1951 साली उघडलं ते. तासातासाला घड्याळातून चिमुकला माणूस बाहेर येऊन ठोके देतो, ते बघायला पोरंसोरं आणि म्हातारे एकाच उत्सुकतेने बसतात. आपण आम्हाला बंद दार दाखवलंत. दार चांगलं होतं.

आता जेवण. इथे जरा थांबावं लागेल, कारण जखम ताजी आहे.

पहिल्याच रात्री आपण आम्हाला मॉलच्या फूड कोर्टात नेलंत आणि प्रत्येकाच्या हातात पिझ्झ्याचा एक त्रिकोण दिलात. "हायजीन" असं काहीतरी म्हणालात. ज्या शहरात कच्चं मटण मसाल्यात मुरवून, त्यावर अर्धवट शिजलेल्या तांदळाचा थर देऊन, हंडीचं तोंड कणकेने बंद करून मंद आचेवर बिर्याणी दमाला लावतात, त्या शहरात आम्ही चीजचे तार ओढत बसलो. दुसऱ्या दिवशी कसाबसा एका बिर्याणीच्या हॉटेलात प्रवेश मिळाला, तर आपण वेटरला म्हणालात, "लेस स्पायसी." त्या वेटरचा चेहरा आम्ही विसरणार नाही. बाजूच्या वाटीत मिरचीचं सालन होतं: शेंगदाणे, तीळ, खोबरं, चिंच. तुझ्या आईच्या भरल्या वांग्याचा मसालाच की तो! आणि आपण ती वाटी "ऑइली" म्हणून बाजूला सरकवलीत.

आपल्यातल्या माळकऱ्याचा तर विचारच झाला नाही. नरसीच्या वारीला जाणारा माणूस तो, मटणाच्या वाऱ्याला उभा राहत नाही. त्याच्यासाठी सकाळी गुलजार हौजच्या बाजूला गाड्यांवर लोणी थापलेले डोसे मिळतात, लोक रस्त्यावर उभे राहून खातात. मोअज्जम जाही मार्केटात, 1935 च्या त्या दगडी इमारतीत, फळांचं आइस्क्रीम मिळतं. दोन्हीकडे माळेला धक्का नाही. आपण त्याला कॉर्नफ्लेक्स खायला घातलेत. बिचारा अजून विचारतो, ते नेमकं कशाचं होतं.

चारमिनारच्या आसपास वाहनं जात नाहीत, त्यामुळे कॅबवाल्याने आपल्याला लांबच सोडलं आणि तेवढ्यापुरते का होईना आम्ही आमच्या पायांवर आलो. आपल्या प्लॅनमध्ये त्या जागेला वीस मिनिटं होती: "फोटो, रील, निघणे." आम्ही बंड केलं आणि इराणी चहाला थांबलो. त्या चहाचं प्रकरण वेगळंच आहे. पत्तीचं पाणी झाकून दमावर वेगळं कढत असतं, आटवलेलं दूध वेगळं, आणि कपात दोन्हींची गाठ. सोबत उस्मानिया बिस्कीट, निम्मं गोड, निम्मं खारट. आपण तिथे उभे राहून बाटलीबंद पाणी प्यायलात.

आणि मग ते झालं, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसलो.

शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "कहाँ से आए मियाँ?" तू म्हणालास, "पुणे से."

एवढंच म्हणालास, साहेब. म्हातारा "अच्छा" म्हणाला आणि पेपरात डोकं घातलं. आपला माळकरी साधा. त्याला खोटं सहन होत नाही. तो म्हणाला, "हट्टा, चाचा. वसमत के बाजू कू. जिला हिंगोली." म्हाताऱ्याने पेपर खाली ठेवला. "हिंगोली? छावनी वाला हिंगोली?" हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती, हे आम्ही पाठ्यपुस्तकात कधी वाचलं नाही, त्या माणसाला मात्र घरातल्या गोष्टींतून ठाऊक होतं. मग परभणीची निघाली, पूर्णेच्या रेल्वे कॉलनीची निघाली, औंढ्याच्या देवळाची निघाली. चहाचे कप परत भरले गेले. त्याची बोली आणि आपली गावातली हिंदी अशी जुळली की मधे कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्या चारशे वर्षांच्या मिनाराखाली हट्ट्याच्या पोरांना कुणीतरी ओळखीचं समजून बोलत होतं. हिंजवडीत तुला असं किती जणांनी विचारलं, गड्या?

तू तेव्हा मोबाइलमध्ये पुढच्या ठिकाणची वेळ दाखवत होतास.

बाजारांचं तर बोलायलाच नको. बेगम बाजार हे ठोक व्यापाराचं मोठं ठाणं. तांब्या-पितळेची भांडी, मसाले, सुका मेवा, पोत्यांची रांग. आम्हाला तिथे फक्त हळदीचा भाव विचारायचा होता. आपल्या वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ती बाहेर कशी विकली जाते, कुठल्या नावाने, कुठल्या हळदीच्या शेजारी, हे तिच्यात पाय रोवून उभ्या राहणाऱ्या माणसाला बघावंसं वाटणारच. आपण म्हणालात, "सुट्टीत शेतीचं काय काढता?" आणि आम्हाला सरकत्या जिन्यावर नेलंत.

लाड बाजार चारमिनारच्या पावलावर. लाख भट्टीवर मऊ करून तिची बांगडी वळतात आणि एकेक खडा हाताने बसवतात. दुकानाच्या मागच्या खोलीत डोकावलं तर काम चालू दिसतं. तिथल्या लाखेच्या बांगड्यांनाही त्याच 2024 साली मानांकन मिळालं, म्हणजे आपली हळद आणि त्या बांगड्या एकाच वर्गातल्या. या बाजारात पहिला भाव हा नुसता नमस्कार असतो. मग गिऱ्हाईक दोन पावलं मागे जातं, दुकानदार "अम्मा, सुनो तो" म्हणतो, आणि खरा व्यवहार तिथून सुरू होतो. आमच्या बायकांनी घासाघिशीचे धडे देऊन आम्हाला पाठवलं होतं. आपण पहिल्याच दुकानात पहिल्याच भावाला चारमिनारचं चित्र असलेलं चुंबक घेतलंत, यूपीआय केलंत आणि थँक्यू म्हणालात. गल्लीभर ती बातमी आपल्या आधी पोचली. त्यानंतर आम्हाला कुणी भाव कमी केला नाही. रविवारी आबिद्सच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडतात, तिथे तरी जाऊ म्हटलं, तर त्या वेळी आपण चेक-आउट करून रिंग रोडला लागलेले.

असो. ग्रुपने सर्वानुमते काही निर्णय घेतले आहेत. आपलं अ‍ॅडमिनपद काढून घेतलं आहे. ते आता माळकऱ्याकडे आहे, त्याला ग्रुप कसा चालवतात हे माहीत नाही, ही त्याची मुख्य पात्रता. पुढची ट्रिप रमजानात, म्हणजे रात्रभर जागं शहर आणि हलीमच्या भट्ट्या दोन्ही मिळतील. जाणं-येणं रेल्वेने, शहरात बस, मेट्रो आणि पाय. राहणं काचीगुड्याच्या आसपास. प्लॅन कागदावर लिहिण्यास मनाई आहे.

आपण यावं अशी सगळ्यांची इच्छा आहे, कारण चिडवायला कुणीतरी लागतं. अट एकच. कुणी कुठून आलात विचारलं तर गावाचं नाव मोठ्याने सांगायचं, तालुक्यासकट. तिकीट काढलं आहे. वेटिंगवर आहे.

आपला,
मागच्या सीटवरचा मधला

ता. क. परवा काकू भेटल्या. तुला लाड बाजारातून बांगड्या आणायला सांगितलं होतं म्हणाल्या, आणि तू त्यांना "दुकानं बंद होती" असं सांगितलंस. आम्हाला विचारलं. आम्ही खरं ते सांगून टाकलं. दोन दिवस फोन उचलू नकोस.