पुढच्या गुरुवारी जन्मलेली आजी

ऑनलाइन अर्जात जन्मतारखेच्या चौकोनावर बोट ठेवले की कॅलेंडर उघडते. दिसायला देखणे असते. गोलसर कोपरे, निळा रंग, आजच्या तारखेभोवती नाजूक वर्तुळ. अडचण एवढीच की ते आजच्या महिन्यावर उघडते, आणि आज जन्मलेले मूल सहसा स्वतःचा अर्ज स्वतः भरत नाही.

हे कॅलेंडर मुळात जन्मतारखेसाठी केलेलेच नाही. ते विमानाच्या तिकिटासाठी आहे, हॉटेलातल्या खोलीसाठी आहे. पुढच्या गुरुवारी गोव्याला निघून रविवारी परत यायचे असेल तर दोन टिचक्यांत काम होते. कुणा भल्या माणसाने ते तयार करून फुकट वाटायला ठेवले. सॉफ्टवेअर कंपनीने ते उचलले, अर्जात चिकटवले आणि डेमोच्या दिवशी साहेबांना 'यूजर फ्रेंडली' म्हणून दाखवले. साहेबांनी मान डोलावली. पुढच्या गुरुवारी जन्म घ्यायचा असेल त्याला याहून चांगली सोय मिळणार नाही.

आता हे कॅलेंडर दरेकसाला न्यावे. तालुका सालेकसा, जिल्हा गोंदिया; मुंबई-हावडा मार्गावर महाराष्ट्र संपता संपता लागणारे स्टेशन. पुढे बोरतलाव, मग डोंगरगड, म्हणजे छत्तीसगड सुरू. रस्त्याच्या कडेला एक दुकान असते, तिथे झेरॉक्स, रिचार्ज, पासपोर्ट फोटो आणि ऑनलाइन अर्ज या चारही विद्या एकच पोरगा सांभाळतो. त्याच्यासमोर बाकावर सत्तरीची आजी बसलेली. योजना कुठली ते महत्त्वाचे नाही. पोर्टल दर सहा महिन्यांनी नवे येते, कॅलेंडर तेच राहते.

"आजी, जन्म कधीचा?"

"रोवण्यातला म्हणे माय माही. साल नाही ठाऊक बापा. कार्डावर पाहून घे."

कार्डावर 1 जानेवारी 1955 आहे. कॅलेंडर उघडते जानेवारी 2025 वर. डावीकडे एक बारीक बाण आहे. एका टिचकीला एक महिना मागे. सत्तर गुणिले बारा, 840 टिचक्या.

पोरगा टिचकी मारू लागतो. प्रत्येक टिचकीला महिन्याचे पान सावकाश डावीकडून उजवीकडे सरकते, कारण ते सरकताना छान दिसते असे कुणाला तरी वाटले होते. टिचकीला एक सेकंद धरा. 58 व्या टिचकीला मार्च 2020 येतो, टाळेबंदी लागते. 98 व्या टिचकीला नोटा बंद होतात, त्याच्या पुढच्या टिचकीला पुन्हा चालू होतात. 291 व्या टिचकीला पलीकडचे छत्तीसगड नाहीसे होते आणि डोंगरगडावर मध्य प्रदेशाचे राज्य येते. 309 व्या टिचकीला एप्रिल 1999 उगवतो आणि गोंदिया जिल्हा गुपचूप भंडाऱ्याच्या पोटात परत जातो. दुकानदार पोरगा अजून जन्मलेलाच नाही, तरी टिचकी मारतो आहे. 595 व्या टिचकीला आणीबाणी. 600 व्या टिचकीला, म्हणजे बरोबर दहा मिनिटे झाल्यावर, जानेवारी 1975 च्या पानावर लाल अक्षरे येतात: सेशन संपले आहे, कृपया पुन्हा लॉगिन करा. पुन्हा ओटीपी, पुन्हा नाव, पुन्हा गाव, पुन्हा जानेवारी 2025. दुसऱ्या खेपेला पोरगा दातओठ खाऊन दुप्पट वेगाने बोट चालवतो. 777 व्या टिचकीला महाराष्ट्र राज्य विसर्जित होते. 819 व्या टिचकीला द्विभाषिक मुंबई राज्यही जाते आणि भंडाऱ्यासकट दरेकसा जुन्या मध्य प्रदेशात, नागपूर राजधानीखाली जाऊन पडते. 840. आजीचा जन्म सापडतो. खालच्या चौकोनात विचारलेले असते: 'जन्माचे राज्य'. यादीत महाराष्ट्र आहे, मध्य प्रदेश आहे, आणि आजीला बाकावर डुलकी लागलेली आहे.

जाणकार इथे हसतील. म्हणतील, अहो, वर वर्षाचा बारीक आकडा असतो, त्याच्यावर टिचकी मारा, वर्षांची यादी उघडते. खरे आहे. पुष्कळ कॅलेंडरांत तो आकडा म्हणजे बटणच असते. फक्त ते बटण आहे असे कुठे लिहिलेले नाही. त्याला ना चौकट, ना बाण, ना वेगळा रंग. ज्याने ते केले त्यालाच ते ठाऊक, आणि तो दरेकसाला राहत नाही. पुण्या-बंगळुरातल्या चोवीस वर्षांच्या डेव्हलपरला स्वतःचा जन्म गाठायला तीनशेच्या आत टिचक्या लागतात. तेवढ्याही तो मारत नाही. तपासणीच्या वेळी तो वर्तुळातल्या आजच्या तारखेवर बोट ठेवतो आणि 'सबमिट' करतो. अर्ज जातो, हिरवी खूण येते, टेस्टिंग पास. त्या कंपनीच्या चाचणीच्या डेटाबेसात सगळे लाभार्थी त्याच दिवशी जन्मलेले असतात आणि सगळ्यांचे नाव 'टेस्ट टेस्ट' असते.

पण 1 जानेवारी ही तारीख तरी कुठून आली? ओळखपत्राच्या नोंदणीत ज्यांनी फक्त वय सांगितले त्यांचे साल काढले गेले, आणि दिवस-महिन्याच्या जागी यंत्राने 1 जानेवारी भरली. आजोबांची गोष्ट निराळी. ते दोन इयत्ता शिकलेले. त्यांना शाळेत घातले त्या दिवशी गुरुजींनी बापाला जन्मतारीख विचारली, बापाने आभाळाकडे पाहिले, गुरुजींनी 1 जून लिहून टाकली. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा हा वाढदिवस. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. म्हणून दरवर्षी 31 मे रोजी कचेऱ्याकचेऱ्यांत नारळ आणि शालींचा तुटवडा पडतो. म्हणजे एका छपराखाली राहणाऱ्या नवराबायकोपैकी एकाचा जन्म गुरुजींनी ठरवला, दुसरीचा सॉफ्टवेअरने. गुरुजींनी निदान समोरच्या पोराची उंची तरी पाहिली होती.

आजोबांची 1 जून अर्जात गेली की खरी गंमत सुरू होते. प्रोग्राम ती तारीख 'मध्यरात्रीचे बारा, भारतीय वेळ' अशी धरतो. सर्व्हरकडे पाठवताना तिची जागतिक वेळ करतो, म्हणजे साडेपाच तास वजा. होतात 31 मे, सायंकाळचे साडेसहा. मग जन्मतारखेत वेळ कशाला हवी म्हणून मागचा भाग कापून टाकतो. हाती उरते 31 मे. आजीची 1 जानेवारी 1955 याच रस्त्याने गेली तर 31 डिसेंबर 1954 होते. बाकावर बसल्या बसल्या आजी आदल्या वर्षात जाते. काही अर्जांत हीच नोंद पुन्हा उघडून 'अपडेट' केली तर आणखी एक दिवस घसरतो. ज्येष्ठांच्या सवलतीला ज्यांचे वय वर्षभराने कमी पडते त्यांनी असा अर्ज 365 वेळा अपडेट करून पाहावा. आणि एखाद्याचा जन्म 1943 चा असेल तर त्याला आणखी एक तास बोनस, कारण युद्धकाळात भारताचे घड्याळ तासभर पुढे होते आणि चांगल्या प्रोग्रामांना तेही पाठ आहे. 1943 सालचे घड्याळ पाठ असलेल्या यंत्राला आजोबांचा वाढदिवस तेवढा सांभाळता येत नाही.

ही चूक कुणाच्या ध्यानीमनी नसलेली नव्हे. भारतातल्या जवळजवळ प्रत्येक वेब डेव्हलपरने ती एकदा तरी केलेली असते. ग्रीनिचच्या पश्चिमेला तीच उलट्या वाटेने करता येते. जावास्क्रिप्ट ही भाषा मे 1995 मध्ये दहा दिवसांत उभी केली गेली आणि घाईत तिने तारखा हाताळायची रीत जावाकडून जशीच्या तशी घेतली. जावाने त्यातल्या बहुतेक रिती 1997 मध्येच कालबाह्य ठरवल्या. जावास्क्रिप्टने मात्र त्या अजून जपल्या आहेत. त्या रितीत महिने शून्यापासून मोजतात: जानेवारी शून्य, जून पाच. नवख्या पोराने जूनसाठी 6 लिहिले की जुलै येतो. आजोबांचा जन्मही त्यांच्या आईच्या म्हणण्यानुसार रोवण्यातलाच, म्हणजे जुलैचा. सगळ्या व्यवहारात सत्याच्या सर्वांत जवळ गेली ती ही चूक, आणि तीच नेमकी टेस्टिंगमध्ये पकडून दुरुस्त करण्यात आली.

आजी मात्र यंत्राच्या लेखी उणे आहे. संगणकाचे घड्याळ 1 जानेवारी 1970 ला शून्यावर सुरू होते, आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. त्याआधीचा जन्म म्हणजे वजा सेकंद. आजीचा आकडा उणे 47 कोटींच्याही खाली आहे. शून्याच्या आतला आकडा काही प्रोग्रामांना चालत नाही. ते तो रिकामा समजतात आणि रिकाम्या जागी शून्य भरतात. अशा याद्यांत 1 जानेवारी 1970 रोजी पहाटे साडेपाचला जन्मलेली माणसे रांगेने भेटतात. त्या पहाटे देशात एवढ्या सुइणी कुठून आल्या, याची चौकशी व्हायला हवी.

इथवर हसून घ्यावे. पुढे हसण्यासारखे काही नाही. एका नोंदीत 1 जून, दुसरीत 31 मे. तिसरे यंत्र दोन्ही ताडून पाहते आणि म्हणते, 'मिसमॅच'. पैसे अडकतात. आणि मग दुरुस्ती कुणी करायची? ज्याच्या प्रोग्रामने साडेपाच तास गिळले त्याने नव्हे. आजोबांनी. शाळा सोडल्याचा दाखला आणा, प्रतिज्ञापत्र करा, नोटरीकडे जा, मजुरीचा दिवस बुडवून तालुक्याला या, साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या. सत्तरीच्या माणसाने स्टॅम्पपेपरवर अंगठा उमटवून सत्यप्रतिज्ञेवर लिहून द्यायचे की चूक त्याच्या जन्मात आहे. आणि कंपनीला कुणी पत्र लिहिलेच तर उत्तर येते की हे मूळ कामाच्या कक्षेत बसत नाही, ही 'चेंज रिक्वेस्ट' आहे, तिचा दर वेगळा, फेज टूमध्ये पाहू. फेज टूमध्ये पोर्टलचा रंग बदलतो. भाताचे पोते कमी भरले तर अडत्याला गावात तोंड दाखवता येत नाही. जन्मातला दिवस कमी भरणाऱ्याला मात्र 'उत्कृष्ट डिजिटल उपक्रम' असे लिहिलेली काचेची ढाल मिळते.

हे काम अवघड आहे म्हणून होत नाही, असेही नाही. जन्मतारीख माणसाला आधीच माहीत असते किंवा त्याच्या कार्डावर छापलेली असते. ती शोधायची नसते, नुसती लिहायची असते. तीन चौकोन पुरतात: दिवस, महिना, वर्ष. आठ आकडे, आठ टिचक्या. पण तीन चौकोन डेमोत उठून दिसत नाहीत, त्यांना सरकण्याची करामत येत नाही आणि त्यांचे बिल लावायला लाज वाटते. म्हणून कॅलेंडर. त्या कॅलेंडरसाठी कित्येक पोर्टले अजून मोमेंट नावाची लायब्ररी वाहतात, जिच्या कर्त्यांनीच सप्टेंबर 2020 मध्ये नव्या कामासाठी ही घेऊ नका असे सांगून ठेवले. तिच्या पोटात जगभरच्या भाषांतल्या महिन्यांची नावे आहेत, मराठीतलीही. दरेकसाच्या मोबाइलवर, रेंजची एक दांडी असताना, ती सगळी उतरतात. पडद्यावर दिसते 'जेएएन'.

दरेकसाजवळच कचारगडच्या गुहा आहेत. माघ पौर्णिमेला तिथे गोंड समाजाची यात्रा भरते. महाराष्ट्रातून, छत्तीसगडातून, मध्य प्रदेशातून, तेलंगणातून लाखो माणसे येतात, आणि ठरलेल्या दिवशी येतात. चंद्र पाहून तारीख धरणाऱ्या या माणसांकडून आजवर साडेपाच तासांची चूक झालेली नाही. ते एक दिवस आधी आल्याचे कुणी ऐकलेले नाही. त्यांच्या तारखा चुकायला त्यांना आधी अर्ज भरावा लागतो.

तोवर थोडा दिलासा आहे. संगणकाचे ते 1970 पासूनचे सेकंद जुन्या यंत्रणांत 32 बिटांच्या खणात ठेवलेले असतात आणि तो खण 19 जानेवारी 2038 रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी 8 वाजून 44 मिनिटांनी भरतो. त्यानंतर अशा यंत्रांचे घड्याळ उलटून डिसेंबर 1901 दाखवते. जानेवारी 2038 पासून आजीच्या जन्मापर्यंत मागे जायला 996 टिचक्या लागतील. डिसेंबर 1901 पासून पुढे यायला 637 पुरतात.