पाण्यात पाहणारे शेजारी

झाडांना आपण संतपद फार लवकर देऊन टाकलं. ती बोलत नाहीत, जागची हलत नाहीत, दगड मारणाऱ्यालाही फळ देतात. एवढ्या भांडवलावर शाळेच्या पुस्तकांतून त्यांची आरती चालू असते. मला मात्र अलीकडे हिरव्यागार शिवाराकडे पाहिलं की संशय येतो. वर सगळी सोज्वळ मंडळी, आणि मातीखाली? ज्वारीचंच घ्या. भाकरीचं, साधंभोळं, आपल्या घरचं पीक. पण तिच्या मुळांवरच्या बारीक लवेतून पिवळसर, तेलकट थेंब पाझरत असतात. ‘सॉर्गोलिओन’ त्यांचं नाव. त्यांच्या टापूत उगवू पाहणारं कोवळं तण जागच्या जागी खुरटतं. शब्द नाही, शिवी नाही. इतर झाडांचा दुस्वास तर पुष्कळदा पानांवरून ओघळणाऱ्या पावसाबरोबरच शेजारी पोचतो. शेजाऱ्याला पाण्यात पाहणं ते हेच असावं.

माणसाला या कुरबुरीची कुणकुण जुनी आहे. रोमच्या प्लिनीने पहिल्या शतकातच अक्रोडाच्या सावलीला विषारी ठरवून टाकलं होतं. शास्त्रीय बारसं मात्र १९३७ साली झालं. हान्स मोलिश या वनस्पतिशास्त्रज्ञाने या प्रकाराला ‘अ‍ॅलेलोपॅथी’ म्हटलं. त्याच्यापुढे होती सफरचंदं. पिकताना त्यांच्यातून सुटणारा वायू शेजारच्या रोपांची वाढ बिघडवत होता. हा मोलिश त्याआधी कलकत्त्याला जगदीशचंद्र बोसांच्या संस्थेत राहून गेलेला. जिथे झाडांच्या संवेदना टिपल्या जात, तिथल्या पाहुण्याने पुढे त्यांच्या कुरापतींची वही उघडावी, याची मला गंमत वाटते. संवेदना आहेत म्हटल्यावर हेवेदावे आलेच.

आपल्याकडची सर्वांत गाजलेली कुरापत पुण्याची. १९५५च्या सुमारास तिथे गाजर गवत पहिल्यांदा लोकांच्या नजरेत आलं. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं, असं सांगतात. अंगावर बारीक पांढऱ्या फुलांची नक्षी, पोटात पार्थेनिन. त्याच्या आसपास दुसरं काही धड रुजत नाही आणि हात लावणारा खाजवत बसतो. या दांडगोबाला अडवायला उभा राहतो कोण, तर टाकळा! पहिल्या पावसात आपसूक उगवणारा, संध्याकाळ झाली की पानं मिटून घेणारा, कोवळा असताना लसणाच्या फोडणीत आणि ओल्या खोबऱ्यात गुपचूप विरघळणारा टाकळा. पावसाआधी त्याचं बी माळावर फोका, असा सल्ला शेतकऱ्यांना दिला जातो. तो गर्दी करून जागा अडवतो, आणि त्याच्याही पानामुळांत थोडं विष असतंच. भाजी म्हणून आपण ते इतकी वर्षं कौतुकाने खात आलो, हे विशेष.

गाजर गवताबद्दल मन जरा हळवं झालं ते निराळ्याच कारणाने. त्याचं विष त्याच्या स्वतःच्या बियांनाही रोखतं. बीच्या अंगावरची ही द्रव्यं पुरेसा पाऊस पडून धुऊन गेली, की मगच कोंब बाहेर यायला धजतो; चुकार वळवाला भुलून पोरांनी उन्हात पळू नये म्हणून दाराला कडी लावणाऱ्या आईसारखं. हे वाचल्यापासून ते उपटताना मी त्याच्याशी दोन शब्द बोलते. हातमोजे मात्र काढत नाही.