रानडुक्कर आणि अंतिम वापरकर्ता

भाटघरच्या वरच्या अंगाला, येळवंडीच्या खोऱ्यात, रानडुकरांनी भाताचा चिखल केला की शेतकऱ्याला शेतीसंरक्षणाची बंदूक आठवते. परवाना मागायला गेलं की सरकार फार आस्थेनं चौकशी करतं. सातबारा आणा, पोलिसांचा अहवाल आणा, डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला आणा. एवढं करून बंदूक मिळालीच, तर निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा. डुकरांना आचारसंहिता लागू नाही, ती प्रचाराच्या काळातही शेतात असतात. पण सरकारचा घोर रास्त आहे: या नळीतून सुटलेली गोळी नेमकी कोणाला लागणार?

हा घोर मला मनापासून आवडतो. माल मोठा झाला की हा घोर लहान का होतो, एवढंच उमगत नाही.

भाटघरच्या पाण्याला येसाजी कंकांचं नाव आहे आणि त्याच्या डोक्यावर राजगड. शिवाजी महाराजांची राजधानी तिथं होती तेव्हाचीच, १६६० सालची गोष्ट. महाराज पन्हाळ्यावर आणि गडाला सिद्दी जौहरचा वेढा पडलेला. राजापूरच्या इंग्रज वखारीचा मुख्य हेन्री रेव्हिंग्टन सिद्दीसाठी दारूगोळा घेऊन तिथं पोचला. नुसता माल टाकून परत येता तर व्यापारी म्हटलं असतं; गड्यानं इंग्रजी निशाण फडकावून तोफाही डागून दाखवल्या. विक्रीपश्चात सेवा! पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि साहेबांना कैदेत टाकलं. तेव्हा सुरतेच्या वरिष्ठांनी कैद्यांना कळवलं, की बाबांनो, ही शिक्षा तुम्हाला कंपनीचा माल राखल्याबद्दल नाही, निशाण लावून पन्हाळ्यावर गोळे फेकल्याबद्दल आहे. म्हणजे माणसं आमची, निशाण आमचं, गोळे मात्र त्यांचे खासगी.

पुढं महाराजांनीच तोफा मागितल्या, तेव्हा याच इंग्रजांना एकाएकी निर्बंध सुचले. मोगल रागावतील म्हणे! आणि १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी त्यांचा वकील हेन्री ऑक्झेंडेन रायगडावर आला तो राजापूरच्या नुकसानीची भरपाई मागत. १०,००० होन कबूलही झाले. विकलेल्या गोळ्यांची भरपाई कोणी कोणाला द्यायची, हा विषय कामकाजात नव्हता.

आता आपण स्वतः विक्रेते आहोत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. तो चालवणाऱ्या म्युनिशन्स इंडियाचं मुख्यालयही पुण्यातच. २०२४-२५ मध्ये देशाची संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी रुपयांवर गेली. छाती फुगते, नाही कशाला म्हणू? आणि निर्बंध आहेत की! 'स्कोमेट' नावाची यादी आहे, तिचा सहावा वर्ग खास युद्धसामग्रीचा. २०१७ मध्ये आपण शस्त्रनिर्यातीला लगाम घालणाऱ्या देशांच्या वासेनार गटातही जाऊन बसलो. त्याआधी २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत शस्त्रव्यापार करार मतदानाला आला, तेव्हा आपण तटस्थ राहिलो. करार निर्यातदारांच्या बाजूनं झुकलाय, ही आपली तक्रार होती. ती आता जरा जपूनच काढावी लागेल.

या सगळ्याचा कणा म्हणजे अंतिम वापरकर्त्याचा दाखला. गिऱ्हाईक लिहून देतं: माल मीच वापरीन, परस्पर कोणाला देणार नाही. सातबारा नको, पंच नकोत. सप्टेंबर २०२४ मध्ये आपले तोफगोळे युरोपच्या वाटेनं युक्रेनला पोचल्याची बातमी आली. दिल्लीनं ती खोडसाळ म्हणून झटकली. त्याच महिन्यात, इस्रायलला शस्त्रं देण्याचे परवाने थांबवा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालय म्हणालं, परराष्ट्र धोरण हा आमचा प्रांत नव्हे. शिवाय करार मोडायला लावले तर आपल्या कंपन्यांवर दावे होतील, हीही अडचण सांगितली. गोळा ज्याच्या छपरावर पडला त्यानं दावा कुठं लावायचा, यासाठी मात्र दाखल्याच्या नमुन्यात रकाना नाही.