चौथा

तीन तिघाडा काम बिघाडा ही म्हण आमच्या प्रोजेक्ट कोऑर्डिनेटरांना कुणी सांगितली कोण जाणे. सरांना मराठीचा गंध नव्हता. पण कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला त्यांनी नोटीस बोर्डावर यादी लावली, तिच्यात प्रत्येक बॅच चौघांची होती. पहिला कोड लिहितो. दुसरा पीपीटी करतो. तिसरा डॉक्युमेंटेशन. चौथा असतो.

या शेवटच्या प्रोजेक्टला अमेरिकेत कॅपस्टोन म्हणतात, म्हणजे बांधकामाच्या माथ्यावर बसवायचा दगड. मुंबईकडची पोरं त्याच्या बांधीव वहीला ‘ब्लॅक बुक’ म्हणतात. आम्ही आदिलाबादवाले ‘मेजर’ म्हणतो आणि मोकळे होतो. चौघांनी मिळून उचलायची आणखी एक वस्तू आपल्याकडे असते, तिचं नाव इथे घेत नाही. पण तिथेही चौथ्या खांद्याला आजवर कुणी रिकामटेकडा म्हटलेलं नाही.

आमचा चौथा जैनदकडचा. पैनगंगेच्या अलीकडे तेलंगणा, पलीकडे यवतमाळ जिल्हा, आणि दोन्ही काठांवर एकच काळी माती, एकच पऱ्हाटी, एकच बोली. तो घरी वऱ्हाडी बोले, कॉलेजात तेलुगू, कँटीनमध्ये दख्खनी हिंदी, आणि इंग्रजीत फक्त ‘येस सार’. बाकीची दोन पोरं तेलुगू. ती एकमेकांना ‘मावा’ म्हणून हाक मारत. याला पहिले काही दिवस ते पचलं नाही. “आमच्याकडं मावा पडला का फवारा मारतेत,” असं तो मला हळूच सांगायचा.

त्याच्याकडे लॅपटॉप नव्हता, मोटरसायकल होती. इंजिनीअरिंगच्या प्रोजेक्टात लॅपटॉपपेक्षा मोटरसायकल जास्त चालते, हे मला फार उशिरा कळलं. “तुमी फक्त कोड करा बावा, बाकीचं मी पाह्यतो,” हे त्याचं पालुपद. ‘बाकीचं’ म्हणजे काय, याची मी एकदा मनात मोजदाद केली होती. गाइडची सही कधी मागायची (जेवण झाल्यावर, पण डुलकीच्या आधी). एचओडींच्या केबिनबाहेर बसणाऱ्या अन्नाला चहा कधी पाजायचा. कोणत्या झेरॉक्सवाल्याकडे सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग एका दिवसात होतं. एक्स्टर्नल सारांना बिर्याणी चालते की ते शनिवार पाळतात. सॉफ्टवेअर इंजिनीअरिंगच्या पुस्तकात याला ‘रिक्वायरमेंट गॅदरिंग’ म्हणतात, आणि त्या धड्यावर आम्हा तिघांनाही कधी नीट मार्क पडले नव्हते.

सुरुवातीला आमच्यातल्या दुसऱ्याचं म्हणणं होतं की कृष्णा एक्स्प्रेस धरावी, सिकंदराबादला उतरावं आणि अमीरपेटला जावं. अमीरपेटच्या मैत्रीवनमच्या आसपास प्रोजेक्ट विकत मिळतात, ही गोष्ट तेलंगणातल्या प्रत्येक बीटेकवाल्याला आपल्या हॉल तिकीट नंबरासारखी पाठ असते. सोर्स कोड, डॉक्युमेंटेशन, वर ‘एक्स्प्लनेशन’सुद्धा, लग्नात जेवणाबरोबर वाढपी यावेत तसं. चौथ्याने भाड्याचा हिशोब केला आणि म्हणाला, “इतक्यात तर खताची बॅग येते.” विषय तिथेच मिटला.

गाइडला ‘लोकल प्रॉब्लेम’ हवा होता. चेहऱ्यावरून हजेरी घेणारा प्रोजेक्ट आधीच सहा बॅचनी उचलला होता. आम्ही तिघं गूगल करत बसलो असताना चौथा मागच्या बाकावरून म्हणाला, “प्रत्ती, सार.” प्रत्ती म्हणजे कापूस. आदिलाबादेत बसून लोकल प्रॉब्लेम शोधणं म्हणजे कापसाच्या गंजीवर बसून वात शोधणं. सार खूश झाले. विषय ठरला: कपाशीच्या पानांवरील रोगांची डीप लर्निंगद्वारे ओळख.

इथून पुढचं पाप माझं. असल्या कामाला रोगट पानांची हजारो चित्रं लागतात. ‘प्लँटव्हिलेज’ नावाचा एक प्रसिद्ध संग्रह आहे: ५४,३०६ फोटो, १४ पिकं, ३८ वर्ग. टोमॅटो आहे, सफरचंद आहे, द्राक्ष आहे, स्ट्रॉबेरी आहे, ब्लूबेरीसुद्धा आहे. कपाशी नाही. पण त्याच्याबरोबर नेटवर तयार कोड मिळत होता, आणि पान ते पान, असा मी विचार केला. कपाशी मी ‘फ्यूचर स्कोप’मध्ये टाकली. फ्यूचर स्कोप ही प्रोजेक्ट रिपोर्टातली माळ्यावरची खोली असते. खाली मावेना ते सगळं तिथे जातं.

डिसेंबरातल्या रिव्ह्यूला चौथा शेतातून पिशवीभर पानं घेऊन आला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. लालभडक पडलेलं एक पान त्याने टेबलावर ठेवलं, सारांनी फोटो काढायला लावला, आणि माझ्या मॉडेलने छातीठोकपणे उत्तर दिलं: स्ट्रॉबेरी, लीफ स्कॉर्च, खात्री ९८ टक्के.

खोलीत शांतता. मॉडेलचाही काही दोष नव्हता. त्याला ३८ पैकी एकच काहीतरी निवडता येतं. ‘माहीत नाही’ म्हणायची सोयच मी त्यात ठेवली नव्हती. तोंडी परीक्षेला बसलेल्या पोराची असते तशीच त्याची गत.

चौथ्याने खिशातून मोबाइल काढला, बापाला व्हिडिओ कॉल लावला आणि पान कॅमेऱ्यापुढे धरलं. पलीकडून बैल हाकल्याचा आवाज, मग, “लाल्या हाय ना बे तो. मॅग्नेशियम मारा लागते. कॉलेजात कायले नेलं ते पान?” फोन बंद. उत्तराला लागलेला वेळ आमच्या मॉडेलपेक्षा कमी. सार काही बोलले नाहीत. रजिस्टरवर ‘इम्प्रूव्ह’ एवढं लिहिलं आणि बराच वेळ पेनाचं टोपण लावत बसले.

मी काय इम्प्रूव्ह केलं? फॉन्ट.

रिपोर्ट बाइंडिंगला टाकायची पाळी आली तेव्हा चौथा झेरॉक्सच्या दुकानात रात्री साडेअकरापर्यंत उभा होता. पानांचे नंबर जुळवता जुळवता त्याने तो सगळा रिपोर्ट वाचला. माझ्या माहितीप्रमाणे तो आख्खा वाचणारा जगात तो एकटाच. मी लिहिणाऱ्यांतला होतो, वाचणाऱ्यांतला नाही. मला फोन आला.

“काऊन बे, ह्ये ‘एक्झिस्टिंग सिस्टीम’ कोनं लिवलं?”

तो मजकूर सीनियरच्या लायब्ररी मॅनेजमेंटच्या रिपोर्टातून आला होता. अशा मजकुराला पिढ्यान्‌पिढ्या मालक नसतो. सध्याची पद्धत हाताने चालते, वेळखाऊ आहे, चुका होतात, रजिस्टर गहाळ होऊ शकते. आमची प्रस्तावित पद्धत या सर्व त्रुटींवर मात करते. मी फक्त ‘लायब्रेरियन’ खोडून ‘शेतकरी’ केलं होतं.

“पऱ्हाटीले रजिस्टर कायचं बे? आन्‌ वेळखाऊ कोन, माहा बाप?”

मी म्हटलं, रजिस्टरची ओळ काढून टाक. बाप राहू दे, तसा फॉरमॅटच आहे. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला की बेस पेपर बी वाचला, आणि फोन ठेवला.

बेस पेपर म्हणजे ज्याच्या जिवावर आपण प्रोजेक्ट करतो तो छापील शोधनिबंध. आमचा होता मोहंती, ह्यूजेस आणि सलाथे यांचा, २०१६चा, याच प्लँटव्हिलेजवरचा. त्यातला ९९.३५ टक्के अचूकतेचा आकडा मी पहिल्या पानावरून उचलला होता. सगळेच तिथून उचलतात. पुढे त्याच लेखकांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय की वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिले तेव्हा हीच अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली. तिथपर्यंत मी गेलो नव्हतो. झेरॉक्सच्या दुकानात लाइट गेली असताना मोबाइलच्या उजेडात चौथा गेला होता.

व्हायव्हाला बाहेरून आलेले एक्स्टर्नल शनिवार पाळणारे निघाले, आणि वार शनिवारच होता. चौथ्याने सकाळीच उपवासाची सोय केलेली. माझी पीपीटी चालू झाली. ॲक्युरसी ९७ टक्के, मी सांगितलं. सारांनी चष्मा वर केला. “इन रिअल फील्ड?”

मी दुसऱ्याकडे पाहिलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. तिसरा पंख्याकडे पाहत होता.

“थर्टी वन, सार,” चौथा म्हणाला. “बेस पेपर. ऑथर ओन्ली टेलिंग.”

सार खुर्चीत पुढे सरकले. आता त्यांनी रिपोर्ट उघडला आणि चौथ्यालाच विचारलं, “व्हॉट इज द एक्झिस्टिंग सिस्टीम?”

“मा नान्ना, सार.” माझे वडील, सर.

मग मात्र तेलुगूत वीस मिनिटं गप्पा. लाल्या कशाने येतो, दहियाचे डाग पानाच्या कोणत्या बाजूला दिसतात, तुडतुड्यांनी पानाच्या कडा कशा वळतात, गुलाबी बोंडअळी पानावर का शोधायची नाही. शेवटच्या मुद्द्याला माझा चेहरा पडला, कारण ‘फ्यूचर स्कोप’मध्ये मी पानाच्या फोटोवरून बोंडअळी ओळखायचं वचन दिलं होतं. ती अळी बोंडाच्या आत बसते. माझ्या कोडबद्दल मला एकच प्रश्न आला: हा कुठून डाउनलोड केला?

निकाल लागला तेव्हा आम्ही चौघे कँटीनमध्ये होतो. दुसऱ्याला शंभरातून ८०, तिसऱ्याला ७९, मला ८२. चौथ्याला ९४. चहाचे पैसे त्यानेच दिले.