सडका चिकू, ताजा कागद

घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आता तिथल्या ढगांनाही मिळायला हरकत नाही. पावसाळ्यात डहाणू-तलासरीच्या वाड्यांमध्ये दुसरा विषयच नसतो.

‘ऊन दिसलं का हो, काका?’

‘दिसलं होतं. बुधवारी. बहुतेक.’

बोलता बोलता शेजारी बुरशी लागलेली फळं टपटप पडत असतात.

अशा वेळी हवामान आधारित फळपीक विम्याची दूरदृष्टी जाणवते. तो झाडाकडे बघण्याचा अडाणीपणा करत नाही. हवामान केंद्राची नोंद बघतो. पाऊस आणि आर्द्रता ठरलेल्या आकड्यावर ठरलेले दिवस सलग टिकली, की चिकू सडला. मध्येच एखाद्या दिवशी आकडा घसरला, तर पायाखाली चिखल झालेलं फळ कागदोपत्री ताजं! असं बुरशीनाशक कृषी विद्यापीठांनाही अजून जमलेलं नाही.

तेव्हा शहाण्या वाडीवाल्याने चिकू उपटून पर्जन्यमापक लावावेत. त्यांना ना फळगळ, ना बी पोखरणारी अळी. खतही लागत नाही.

काकांना हे पटलं. त्यांची एकच शंका होती: पर्जन्यमापक बिघडला, तर नुकसान ठरवायला साहेब झाडाकडे बघतील का?