वर काय?

पहाटे दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी फोन वाजला की पूर्वी माझ्या पोटात गोळा यायचा. आता येत नाही. कुणी आजारी नसतं, कुणी गेलेलं नसतं. कोथिंबिरे जागा असतो, इतकंच. मजकूरही ठरलेला: 'शेठ, तुमचे रिबाउंड फार खंगलेत. बघवत नाही. एक ट्रेड सुचवू का?'

हा माणूस तुमच्याकडेही आहे. तुमच्याकडे तो भिशीचा नंबर बदलून मागत असेल, नाहीतर रेल्वेत 'तुम्ही अप्पर घ्या, काकू साइड लोअर घेतील, मी खिडकीशी बसतो' असं करत अख्खा डबा हलवत असेल. आमच्या हडपसरात तो बास्केटबॉलमध्ये निघाला.

मगरपट्ट्यात आमचं ऑफिस, आणि क्लायंट डॅलसचा. २०१८ साली तिकडच्या मॅनेजरला त्याच्या फॅन्टसी लीगसाठी माणसं कमी पडली, तेव्हा त्याने आम्हाला ओढलं. ऑक्टोबरात दहा जणांनी मिळून एनबीएचे खरे खेळाडू आपापसांत वाटून घ्यायचे. ते तिकडे घाम गाळणार आणि त्यांचे पॉइंट, असिस्ट, स्टील, ब्लॉक इकडे आपल्या खात्यात पडणार. तिकडची रात्र म्हणजे इकडची सकाळ, त्यामुळे आम्ही दात घासताना सामने बघतो. माझा संघ साडेसतरा नळी सेल्टिक्स. कोथिंबिरेचा गाडीतळ ग्रिझलीज. पैसे अजिबात नाहीत, हरणाऱ्याने मिसळ द्यायची. म्हणून ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या फॅन्टसीची देशभरातली दुकानं बंद झाली, तेव्हा आमच्या तर्रीवर तरंगही उठला नाही.

कोथिंबिरे हे त्याचं आडनाव नव्हे. खरं आडनाव हडपसरात इतकं पसरलंय की ते लिहिलं तर निम्मं गाव भांडायला येईल. लहानपणी तो आईबरोबर मंडईत जायचा. मेथीच्या दोन गड्ड्या पिशवीत पडल्या, पैसे दिले, की माउली जागची हलायची नाही. 'वर काय?' भाजीवाली तोंड वाकडं करून चार काड्या कोथिंबीर टाकायची, मग मायलेक पुढच्या गाळ्यावर. इंजिनिअरिंगची चार वर्षं झाली, दोनदा अमेरिकेला जाऊन आला, पण शिक्षण काय ते तेवढंच टिकलं. खेळाडूंची अदलाबदल करताना मुख्य माणूस ठरला, की इकडून प्रश्न येतो: 'वर काय?' आणि वर जो मिळतो, म्हणजे बाकावर बसून टॉवेल फिरवणारा तिसऱ्या फळीतला गडी, त्याला हा कोथिंबीर म्हणतो. 'टेटम घ्या, ब्राउन द्या, वर एक कोथिंबीर.' क्लायंटचा मॅनेजरही आता 'कोटिंबीर' म्हणतो. त्याला वाटतं ही बास्केटबॉलची जुनी भारतीय संज्ञा आहे.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. मी सासुरवाडीला. पावणेअकराला फोन. कोथिंबिरेचा आवाज कापत होता. "शेठ, लुका गेला."

"काय सांगतोस!" मी इतक्या मोठ्याने ओरडलो की सासूबाई पोळी तव्यावर तशीच सोडून बाहेर आल्या.

"कोण गेलं हो?"

"लुका."

"वय काय होतं?"

"पंचवीस."

"अरेरे," म्हणत त्यांनी गॅस बंद केला.

लुका डॉन्चिच डॅलसहून लॉस एंजेलिसच्या लेकर्सकडे गेला होता आणि बदल्यात अँथनी डेव्हिस डॅलसला आला होता, हे त्यांना समजावून सांगेपर्यंत पोळी करपली. एनबीएत असा सौदा कुणी स्वप्नातही पाहिला नव्हता. आमचा मॅनेजर तर जन्माचा डॅलसवाला. सोमवारच्या कॉलवर तो पडद्यावर दिसत होता पण बोलत नव्हता. सगळे गप्प. अशा वेळी शहाण्या माणसाने स्वतःला म्यूट करावं. कोथिंबिरेने अनम्यूट केलं आणि अगदी मयताला गेल्यासारख्या स्वरात सांत्वन केलं, की साहेब, वाईट वाटून घेऊ नका, डेव्हिसच्या वर तुम्हाला मॅक्स ख्रिस्टी मिळालाय आणि २०२९ चा पहिल्या फेरीचा पिकसुद्धा. कोथिंबीर चांगली आहे. पडद्यावरचा माणूस तसाच बघत राहिला. त्या आठवड्यात आमची तीन बिलं अडकली. तो सौदा करणाऱ्या निको हॅरिसनला डॅलसने नोव्हेंबरात घरी पाठवलं. निरोपाच्या पगारावर त्याला वर काय मिळालं, याची चौकशी कोथिंबिरे अजून करतोय.

त्याचे आजोबा बैलबाजारात दलाली करायचे. रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरायचा. आजूबाजूच्यांना फक्त रुमाल हलताना दिसायचा. ती बोटं नातवाकडे उतरली आहेत. बैल विकताना खोड झाकायची आणि शिंगं रंगवायची, हेही. २०२१-२२ च्या हंगामात त्याने मला कावाय लेनर्ड विकला. आता कावायच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय हे मला माहीत होतं. मी काही अगदीच खुळा नाही. पण कोथिंबिरे म्हणाला, "म्हणून तर स्वस्तात देतोय, शेठ. संक्रांतीनंतर उभा राहतोय. बैल बघा की, काय देखणा आहे." संक्रांत गेली, होळी गेली, पाडवा गेला. बैल त्या अख्ख्या हंगामात एकदाही जुंपला गेला नाही. मी त्याला दिलेला डिजाँटे मरे मात्र त्याच वर्षी ऑल-स्टार झाला आणि सगळ्या लीगमध्ये सर्वांत जास्त चेंडू चोरून बसला. त्या सौद्यात वर म्हणून मी काय दिलं होतं, ते सांगत नाही. घरचे वाचतात.

खेळ संपला की हा माणूस थांबेल, असं तुम्हाला वाटत असेल. २०१९ च्या ऑक्टोबरात एनबीए मुंबईत आलं होतं, वरळीच्या डोममध्ये पेसर्स विरुद्ध किंग्ज. आम्ही चौघं तिकिटं काढून गेलो. पहिल्या क्वार्टरमध्ये कोथिंबिरेने आपली जागा एका गुजराती कुटुंबाशी बदलली, वर एक पॉपकॉर्न. दुसऱ्यात ती जागा एका कॉलेजच्या पोराशी बदलली, वर कोल्ड्रिंक. सामना संपला तेव्हा तो पार शेवटच्या रांगेत, दोन्ही हात खाऊने भरलेले, पुढे झेंडा नाचवणाऱ्या एका धिप्पाड माणसाची पाठ. "पेसर्स जिंकले ना?" त्याने खाली उतरल्यावर आम्हाला विचारलं.

ऑफिसात तर विचारूच नका. पार्किंग, डबा, खुर्ची, कॅबमधली खिडकी. एका वर्षी दिवाळीची सपोर्ट ड्युटी त्याने नाताळाशी बदलली, नाताळ पाडव्याशी, मग पाडवा आणि वर एक सुट्टी असं कुणाशी तरी जमवलं. हिशेब पूर्ण झाला तेव्हा कळलं की तो तिन्ही सणांना कामावर आहे आणि वर म्हणून मिळालेली सुट्टी दुसऱ्या शनिवारी आहे. आम्हाला दुसरा शनिवार सुट्टीच असते.

कारण मुद्दा असा की या माणसाला सौदा करता येतो, पण थांबता येत नाही. माझ्याकडून लाटलेला तो मरे त्याने तीन आठवड्यांत दोन मध्यम गड्यांवर घालवला, 'एकाचे दोन' म्हणून. फॅन्टसीत नियम सरळ आहे: ज्याच्याकडे सर्वांत मोठा खेळाडू जातो तो जिंकतो, दोन नारळ घेऊन हत्ती देणारा नव्हे. पहिल्या सात हंगामांत गाडीतळ ग्रिझलीज सहाव्या क्रमांकाच्या वर गेले नाहीत. हा फॅन्टसीचा आजचा खेळ ज्याच्या डोक्यातून निघाला त्या डॅनियल ओक्रेंटने १९८० साली न्यूयॉर्कच्या एका रोटिसरीच्या, म्हणजे भाजक्या कोंबडीच्या हॉटेलाच्या नावाने बेसबॉलची लीग काढली, आणि असं म्हणतात की स्वतःची ती लीग त्याला कधीच जिंकता आली नाही. कोथिंबिरेला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे माणूस आपल्यातला."

एकदाच मी त्याला सौदा नाकारताना पाहिलं. त्याच्या मनगटावर एक जुनं एचएमटी आहे, चावीचं. काच चरे पडून दुधी झालेली. रोज संध्याकाळच्या कॉलआधी तो चावी देतो, करकर आवाज डॅलसपर्यंत जातो. नव्या बॅचच्या एका पोराने गमतीत नवंकोरं स्मार्टवॉच काढून टेबलावर ठेवलं. "सर, बदली?" आम्ही सगळे वाट बघत होतो. कोथिंबिरेने 'वर काय' विचारलंच नाही. बाही खाली ओढली आणि उठून चहाला गेला.

आता थोडं चांगलं बोलायला हवं. माझी इच्छा नाही, पण बायको म्हणते लिही. माझ्या वडिलांना दवाखान्यात ठेवलं होतं, त्या रात्री नेहमीच्या वेळी त्याची ऑफर आली. मी चिडून लिहिलं, 'दवाखान्यात आहे.' पाऊण तासात तो चहाचा थर्मास घेऊन हजर. वडिलांची खाट संडासाच्या दारात होती, झोप लागत नव्हती. पलीकडे खिडकीपाशी एक आजोबा होते, त्यांना दर तासाला उठून तिकडेच जावं लागत होतं. पहाटे चारला कोथिंबिरेने दोन्हीकडच्या नातेवाइकांना आणि सिस्टरला पटवून खाटा बदलल्या. त्याच्या आयुष्यातला दोन्ही बाजूंना फायद्याचा मला माहीत असलेला हा एकमेव ट्रेड. वर एक उशीही आणली.

गेल्या डिसेंबरात जेवणानंतर आम्ही दोघं मगरपट्ट्यातल्या बागेच्या कडेने फिरत होतो. हे गाव कसं झालं ते हडपसरात सगळ्यांना पाठ आहे. १२० च्या वर शेतकरी कुटुंबांनी ४०० एकरांहून जास्त जमीन एकत्र केली, विकून टाकण्याऐवजी जमिनीच्या प्रमाणात कंपनीत हिस्सा घेतला, आणि २००० साली बांधकाम सुरू झालं. ज्यांनी उसाला पाणी दिलं ते भाडं घेऊ लागले. मी म्हटलं, "खरा ट्रेड हा. तुझ्या लोकांनी मारलेला."

"माझ्या नाही," तो म्हणाला. त्यांचं रान हद्दीच्या जरा बाहेर होतं. हे सगळं व्हायच्या काही वर्षं आधी वडिलांनी अडीच एकर देऊन टाकलं. बदल्यात थोडी रोकड आणि एक मेटॅडोर. मग जन्मभर दुसऱ्यांच्या रानातली भाजी त्या मेटॅडोरमधून मार्केट यार्डात नेली.

मला विचारायचं नव्हतं. पण आठ वर्षांच्या सवयीने तोंडातून गेलंच. "वर काय?"

त्याने बाही वर केली. "ही कोथिंबीर."

मग बराच वेळ काही बोलला नाही. फाटकाशी आल्यावर एकदम म्हणाला, "आजोबा गेले होते त्याआधीच. आईला विचारायची पद्धत नव्हती. व्हेटो मारणार कोण?"

आमच्या लीगमध्ये व्हेटो आहे. एखादा सौदा फारच एकतर्फी वाटला तर चौघांनी विरोधात मत दिलं की रद्द. आजवर तो आम्ही कोथिंबिरेपासून बाकीच्यांना वाचवायला वापरला.

२६ डिसेंबरची सकाळ, म्हणजे तिकडचा नाताळ. डेन्व्हरच्या निकोला योकिचने ५६ पॉइंट, १६ रिबाउंड आणि १५ असिस्ट असा सामना काढला. योकिच गाडीतळ ग्रिझलीजचा. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ४१ वा निवडलेला, घोड्यांचं वेड असलेला हा सर्बियन गडी. कोथिंबिरेला आमच्या ड्राफ्टच्या चिठ्ठीत पहिला नंबर लागला म्हणून मिळाला होता. यंदा ग्रिझलीज तिसऱ्या क्रमांकावर होते. दुपारी स्क्रीनवर आलं: कोथिंबिरेने योकिच डॅलसच्या मॅनेजरला दिला. बदल्यात ड्युरँट आणि जमाल मरे. वर एक असा गडी, ज्याचं नाव मला शोधून बघावं लागलं.

'भाव चढलाय तेव्हाच विकायचा,' खाली त्याची टीप.

मी कपाटाआड जाऊन तिघांना फोन केले. कुणीच फार विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत चार मतं पडली, ट्रेड रद्द. योकिच गाडीतळावरच राहिला. कोथिंबिरेने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. मी मान खाली घालून कोड तपासत होतो, आणि खरं सांगायचं तर मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटत होता. आयुष्यात कुणाचं तरी रान वाचवलं होतं.

चार दिवसांनी, ३० तारखेला सकाळी सातच्या सुमारास, तोंडात ब्रश असताना, मी मायामीतला सामना बघत होतो. योकिचचा डावा गुडघा उलटा वाकला. डॉक्टर म्हणाले, किमान चार आठवडे.

दुपारी ऑफिसला पोचलो तेव्हा माझ्या कीबोर्डवर कोथिंबिरीची एक गड्डी ठेवलेली होती. ताजी, मुळांना माती तशीच. पलीकडे कोथिंबिरे घड्याळाला चावी देत बसला होता. त्याने वर पाहिलं नाही, मीही काही बोललो नाही.

गड्डी घरी नेली. बायकोने पिशवीत हात घातला, तळापर्यंत चाचपलं.

"नुसती कोथिंबीर?" ती म्हणाली. "आणि भाजी कुठंय?"