लग झाकू नका

स्टीलच्या सायकलची फ्रेम कशी दिसावी याबद्दल माझं मत पक्कं आहे, आणि छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यांवर ते रोज तुडवलं जातं. वरची नळी जमिनीला समांतर हवी. नळ्या बारीक हव्यात. पुढच्या चाकाचा चिमटा खाली येताना पुढे वळलेला हवा. आणि जिथे दोन नळ्या भेटतात, तिथे लग दिसलाच पाहिजे.

लग म्हणजे सांध्यावरची पोलादी खोबण. नळी तिच्यात बसवून तापवतात. वितळलेलं पितळ बारीक फटीत आपसूक ओढलं जातं. नळी स्वतः वितळत नाही. लगची निमुळती कडही नुसती शोभेची नसते. सांध्यावरचा ताण ती नळीवर एकदम पडू देत नाही. इथे कारागिरी आणि देखणेपण एकाच जागी आहे.

तरीही लोक नव्या फ्रेमवरचं प्लास्टिक वर्षानुवर्षं काढत नाहीत. आत पाणी साचतं, गंज धरतो, आणि सायकल जन्मभर दुकानातल्या पुडक्यासारखी दिसते. दुसरा त्रास उतरत्या वरच्या नळीचा. तिच्यामुळे दोन-तीन मापांत सगळी गिऱ्हाइकं बसवता येतात. सोय कारखान्याची, बेढबपणा आपल्या वाट्याला. तिसरा त्रास फ्रेमभर चिकटवलेल्या विजा आणि ज्वाळांचा.

पण खरा संताप रंगाऱ्याचा. माझी चोवीस इंची डबलबार रंगवायला दिली, तर त्याने प्रत्येक लगच्या कडेला लांबी भरली, पॉलिशपेपरने घासली आणि वर चकचकीत काळा फवारा मारला. सांधेच नाहीसे झाले. ‘बघा, कशी गुळगुळीत झाली,’ असं म्हणून त्याने पूर्ण मजुरी घेतली.

सोनिपतच्या अ‍ॅटलसने १९५१ पासून अशा सायकली गावोगाव पोचवल्या. त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी बंद झाला. आता जी जुनी फ्रेम हाती आहे, ती नीट रंगवणं हाच उपाय.

म्हणून शहरातल्या रंगाऱ्यांना सांगणं आहे: लांबी मोटारीच्या पोच्यांसाठी ठेवा. लगच्या कडेतला जुना रंग तारेच्या ब्रशने साफ काढा. प्रायमर पातळ, रंगाचे हात पातळ. मग बारीक ब्रशने कडेकडेने सोनेरी लायनिंग ओढा. वेळ जास्त लागेल. त्याची मजुरी मी घासाघीस न करता देईन.